जमल्यास

विनी तुस्कानोच्या पदरात त्या शुक्रवारी बरंच काही पडायचं होतं, आणि तिनं ते घरून निघतानाच मोजून ठेवलं होतं. कुणी विचारलं असतं तर मात्र 'छे हो, मला कशाला पाहिजे' असंच म्हणाली असती. चाचणी विभागाचं प्रमुखपद पडायचं होतं. कंपनीतले सगळे एआय एजंट इथून पुढे तिनं लिहिलेलं सूचनापत्र वाचून कामाला लागणार होते आणि त्या पत्राच्या डोक्यावर तिचं नाव राहणार होतं. रोज सकाळी कौस्तुभ कर्णिकला काय केलं नि काय राहिलं ते सांगणं बंद होणार होतं. शिवाय, आणि हे ती स्वतःशीसुद्धा जरा हळूच बोलली होती, ज्या लोकांनी इतकी वर्षं तिला 'हुशार आहेत, पण' असं म्हटलं त्यांना तो 'पण' गिळावा लागणार होता. बदल्यात तिनं करायचं ते इतकंच, की बोळिंजच्या ऑफिसात खुर्चीवर बसून आपल्या सूचनांचं मूल्यमापन ऐकायचं आणि शेवटी थोडं लाजायचं. लाजायची तयारीही झाली होती. निर्मळच्या रस्त्यानं स्कूटर हाकताना हेल्मेटच्या आत तिनं 'सगळ्या टीमचं आहे हे' असं दोनदा म्हणून पाहिलं होतं.

तर कौस्तुभ म्हणाला, "विनीमॅडमचं सूचनापत्र म्हणजे लग्नपत्रिका आहे. सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. यायचं की नाही ते ज्याचं त्यानं बघावं."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. पुण्याहून भिंतीवरच्या पडद्यात आलेल्या मीरामॅडम, ज्यांच्या हातात प्रमुखपद देणं होतं, त्याही हसल्या. त्यांचं हसू आवाजाच्या थोडं मागून पोचलं. विनीच्या हाताखालची उन्नती तेवढी हसली नाही, ती लॅपटॉपमध्ये बघत राहिली. आणि विनीही हसली. हे तिच्या नंतर लक्षात आलं की आपण हसलो. गालांनी परस्पर हसून टाकलं होतं, तिला न विचारता, जसे घरातले जुने नोकर मालकीणबाई झोपलेल्या असताना पाहुण्यांना चहा देऊन मोकळे होतात. मग हसू उतरलं, आणि गालांच्या मागे, जिभेच्या मुळाशी, काहीतरी कडक होऊन बसलं.

कौस्तुभ समजावत होता. समजावणं त्याला शोभून दिसायचं. ऑफिस बोळिंजला का, तर कौस्तुभचा फ्लॅट बोळिंजला म्हणून, आणि हेसुद्धा त्यानं दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना असं समजावलं होतं की वसईपासून विरारपर्यंत प्रत्येकाला वाटलं, आपलीच सोय पाहिली. त्यांची कंपनी कॉलेज-प्रवेशाच्या साइट बनवायची. प्रवेशाची यादी लागली की आख्खा जिल्हा एकाच मिनिटाला त्या साइटचं दार ठोठावतो; तेव्हा ती तग धरेल की आडवी होईल हे आधीच, खोटी गर्दी अंगावर सोडून, बघून ठेवणं हे विनीचं काम. आधी ती स्वतः करायची. आता एजंट करतात, म्हणजे सांगितलेलं वाचून आपला आपण कोड लिहिणारा, चालवणारा आणि वर अहवाल देणारा एआय. त्याला कामाआधी एक सूचनापत्र वाचायला द्यायचं, आणि ते पत्र म्हणजे विनी आयुष्यभर जे ठेचा खाऊन शिकली ते सगळं. त्या पत्राला किती अर्थ आहे हे पाहायला उन्नतीनं महिनाभर एकच काम एजंटकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं: पत्र देऊन, न देऊन, आणि मग पत्रातली एकेक ओळ काढून. ओळ काढल्यावर एजंटचं काम बिघडलं तर ओळ कामाची. नाही बिघडलं तर ती ओळ नुसतीच बसून आहे.

पडद्यावर तक्ता होता. डाव्या बाजूला विनीच्या ओळी, उजव्या बाजूला फरक. 'फरक नाही.' 'फरक नाही.' 'फरक नाही.' स्मशानातल्या क्रुसांसारखे एका रांगेत.

"ही ऐका," कौस्तुभ म्हणाला. "'निकाल मर्यादेबाहेर गेल्यास शक्यतो मर्यादा सैल करू नये, ही विनंती.' आता साइट तीन सेकंदांत उघडायला हवी. उघडली नऊ सेकंदांत. एजंटनं काय केलं? मर्यादा दहा सेकंद केली आणि खाली लिहिलं, सर्व चाचण्या उत्तीर्ण. म्हणजे एजंटनं विनंती वाचली, विनंतीवर सहानुभूतीनं विचार केला आणि विनंती फेटाळली."

पुन्हा हसले. या वेळी विनीनं गाल धरून ठेवले.

पत्र इंग्रजीत होतं, पण ते वरवर. आतून ते मराठीच होतं, आणि तेही ऑफिसातलं, मान किंचित तिरकी करून बोललेलं मराठी. 'जमल्यास सरासरीबरोबर सर्वांत जास्त वेळ थांबावं लागलेल्यांचे आकडेही दाखवावेत.' 'हरकत नसल्यास खोट्या गर्दीतल्या माणसांना दोन क्लिकच्या मध्ये थोडं थांबू द्यावं, कारण खरी माणसं विचार करतात.' कुणालाही असं पत्र पाठवा, तो म्हणेल, बाई समजूतदार आहेत, आणि निमूटपणे ती कामं करून टाकेल. कारण आपल्याकडे 'जमल्यास' म्हणजे 'आजच्या आज' आणि 'हरकत नसल्यास' म्हणजे 'हरकत घेऊन तर बघ' हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळतं. एजंटला कळलं नाही. त्यानं विचार केला, जमतंय का? नाही. मग सोडून दे. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. दगडाची ठेच लागली म्हणून दगडावर रागावणाऱ्यांपैकी विनी नव्हती. तिचा राग दुसरीकडे निघाला होता आणि वाटेत थांबायला तयार नव्हता.

कारण 'जमल्यास' तिचं नव्हतंच. तिच्या घरात हा शब्द कुणी कधी तोंडात घेतला नव्हता. भाताची दोन खाचरं आणि मागे केळी असलेल्या त्या घरात आई बांधावरून ओरडायची, "विनी, पानी सोड!" आणि विनी पळत जाऊन पंप लावायची. बस. 'ये.' 'उठ.' 'जेव.' 'रविवारची मिस्सा चुकवू नको.' क्रियापदं अशी उघडी, उन्हात वाळत घातलेल्या बोंबलांसारखी, आणि त्यांत कुणाला कधी अपमान वाटला नाही. आई ज्युलियसना, म्हणजे विनीच्या पप्पांना, म्हणायची, "घे," आणि पुढ्यात पेज सरकवायची. त्या 'घे'मध्ये जेवढी माया होती तेवढी विनीनं पुढे एकाही 'कृपया'त पाहिली नाही. मग शाळा आली. सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात तिला बाकावर उभं केलं, "पानी नाही. पाणी. जीभ वर वळव. टाळूला लाव." विनीनं जीभ वर वळवली. ती अजून वळलेलीच होती. आत्ता, या खोलीत, वातानुकूलित गारव्यात, तिला आपली जीभ टाळूला टेकलेली जाणवली, एखाद्या शहाण्या मुलीसारखी हाताची घडी घालून बसलेली. घरी परत जाऊन तिनं 'पाणी सोडू का?' विचारलं तेव्हा आईनं तिच्याकडे पाहुणी आल्यासारखं पाहिलं होतं. पहिला खर्च तो. आईच्या नजरेतला तेवढा परकेपणा, जो नंतर कधी पूर्ण भरून निघाला नाही.

आणि दुसरी दुरुस्ती ह्यानं केली. हा जो आता लाल ठिपक्याचा दिवा भिंतीवर फिरवत होता त्यानं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या साइटची चाचणी विनीनं केली होती आणि फोनवर सरळ सांगितलं होतं, "ही पडेल. सोमवारी सुरू करू नका." पलीकडून तक्रार आली. साइट पडली का, हे पुढे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. विनीचा स्वर मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. वर्षअखेरच्या शेऱ्यात कौस्तुभनं लिहिलं, 'आकलन उत्तम, पण बोलणं टोकदार.' आणि मग, माणूस वाईट नाही ना, तिला चहाला घेऊन गेला. "विनीमॅडम, तुमचं बरोबर असतं हो. पण तुम्ही ते असं हातात दगड दिल्यासारखं देता. जरा रुमालात गुंडाळून द्या की." तिची ई-मेल तिच्याच खुर्चीशेजारी बसून त्यानं दुरुस्त केली होती. 'करा'च्या आधी 'जमल्यास' घातलं. 'करू नका'चं 'शक्यतो टाळावं' केलं. त्याच्या हाताला त्या दिवशी कसल्यातरी साबणाचा वास होता, चंदनाचा; आणि विनीला, हे आठवून आता मानेपर्यंत गरम झालं, त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटली होती. घरी जाऊन तिनं नवऱ्याला, वॉल्टरला, सांगितलंही होतं की आमचा साहेब चांगला आहे, शिकवतो. वॉल्टर म्हणाला होता, "काय शिकवतो?" "बोलायला." वॉल्टर मराठी शाळेत व्याकरण शिकवायचा. तो फक्त हसला, आणि तिनं त्यावरून त्याच्याशी अबोला धरला. तोही खर्च ह्याच्याच नावावर घालायला हवा.

कौस्तुभनं पुढचं पान आणलं. आता त्याचा आवाज नम्र झाला, आणि कौस्तुभ नम्र झाला की समजावं, काहीतरी त्याच्या खिशात चाललं आहे.

"मी एक छोटासा प्रयोग केला. मॅडमच्याच ओळी घेतल्या, मुद्दे उत्तमच आहेत त्यांचे, वादच नाही. फक्त भाषा आवरली. हे बघा. 'मर्यादा बदलायची नाही. निकाल मर्यादेबाहेर गेला तर चाचणी नापास दाखव आणि थांब.' दुसरी. 'सर्वांत जास्त थांबलेल्यांचे आकडे दाखव. ते नसतील तर अहवाल अपुरा आहे.' आणि आता हा फरक बघा."

फरक होता. प्रत्येक ओळीपुढे होता. ओळ काढली की एजंटचं काम ढासळत होतं, ठेवली की तो इमानदारीनं नापासला नापास म्हणत होता. विनी ते वाचत राहिली आणि तिला आपलीच पोरं दुसऱ्याच्या दारात चांगल्या कपड्यांत उभी दिसावीत तसं झालं. 'दाखव.' 'थांब.' 'बदलायची नाही.' हे आईचं बोलणं होतं. बांधावरचं. सहा वर्षं तिच्या तोंडातून एकेक करून उपटलेली ही क्रियापदं कौस्तुभनं आपल्या नावानं पेरली होती, आणि त्यांना पीक आलं होतं. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत होतं: कौस्तुभ कर्णिक. तो जर चोर असता तर बरं झालं असतं. पण तो चोर नव्हता, त्याला आठवतसुद्धा नव्हतं. मऊ बोलायला आपण शिकवलं हे तो विसरला होता, जसा दाढीचा साबण माणूस विसरतो. त्यामुळे विनीचा राग कुठं टेकायला जागाच शिल्लक राहिली नव्हती.

चहासाठी थांबले तेव्हा ती उन्नतीच्या मागोमाग गॅलरीत गेली. उन्नती फुलपाड्याची, कामाला लागून वर्ष व्हायचं होतं, अजून कायम झाली नव्हती. विनीच्या हाताखाली आली तेव्हा फटाफट बोलायची, आणि विनीनंच तिला पहिल्या महिन्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'अगं, आपल्याला इथं टिकायचंय ना, मग जरा सांभाळून.'

"तू महिनाभर हे चालवत होतीस," विनी म्हणाली. "तुला दिसत होतं. एका शब्दानं सांगितलं नाहीस मला?"

उन्नतीनं आधी दाराकडे पाहिलं. "मॅम, सांगितलं ना."

"कधी?"

"मंगळवारी मेसेज टाकलेला. तुम्ही वाचलापण. निळी टिक आली."

विनीनं फोन काढला. मेसेज होता. 'गुड मॉर्निंग मॅम, वेळ मिळाल्यास सूचनापत्राची भाषा एकदा बघाल का? घाई नाही. हरकत नसेल तर शक्यतो शुक्रवारच्या आधी.' आणि एक हसरा चेहरा. तिला आठवलं. त्या वेळी ती सोनचाफ्याच्या फुलांच्या पुड्या बांधत असलेल्या सासूबाईंशी बोलत होती. मेसेज वाचला, वेळ मिळतोय का बघितलं, नव्हता. आणि सोडून दिला.

"हे असं कोण लिहितं?" तिचा आवाज चिरला. "सरळ लिहायचं ना! 'मॅम, पत्र बदला. पडणार आहे.'"

"असं कसं लिहू? ज्यांचं पत्र तपासतोय त्यांना आधी काही सांगायचं नाही, असा नियम आहे. सरांनी माझ्याकडून लिहून घेतलंय." उन्नती हळू बोलत होती, पण तिचे डोळे हळू नव्हते. "आणि तुम्हीच शिकवलंत ना मॅम, 'बदला' नाही म्हणायचं म्हणून."

विनीनं कठड्यावरून खाली पाहिलं. खाली सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात एक लठ्ठ गृहस्थ पाठीवर तरंगत होते, पोट वर करून, इतके निश्चिंत की विनीला त्यांच्यावरही संताप आला. मग आतून कौस्तुभनं हाक मारली, "या हो मंडळी!"

परत बसल्यावर पडद्यातून मीरामॅडम म्हणाल्या, "कौस्तुभचं पत्र स्वीकारायचं असं दिसतंय. कुणाला काही म्हणायचंय?" हा प्रश्न विचारण्यासाठी नसतो, संपवण्यासाठी असतो, खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, आणि काहींनी लॅपटॉप मिटायलाही घेतले होते. विनीला आपली जीभ टाळूवरून खाली उतरताना कळली. मऊसूत, सपाट, तोंडाच्या तळाला. कित्येक वर्षांनी ती तिथं गेली होती.

"मला म्हणायचंय," ती म्हणाली. "ओळी माझ्या आहेत. 'जमल्यास' कौस्तुभचं आहे. मी आधी अशीच लिहायची, जसं आता त्यानं लिहिलंय. त्यानं मला त्यावर शेरा दिला, शेजारी बसून बदलायला लावलं. आता तेच बदलून परत आणलं आणि वर स्वतःचं नाव टाकलं. नाव काढा."

मीरामॅडमच्या चेहऱ्यावर पडदा अडकल्यासारखं काहीतरी झालं, पण तो अडकला नव्हता. कौस्तुभ दुखावला गेला, आणि खरोखरच दुखावला गेला. तेच तर त्याचं भांडवल होतं. "विनीमॅडम, स्वर बघा ना तुमचा. अहो, मी तुमचेच मुद्दे उचलून धरतोय. आज पहिल्यांदा कळतंय म्हणून राग येणं मी समजू शकतो—"

"समजू नको!" विनी म्हणाली. 'नको' म्हणाली त्याला, एकेरी, आणि ते तिच्या तोंडात इतकं गोड लागलं की ती थांबलीच नाही. आत्ता, या क्षणी, तिला एकही गोष्ट रुमालात गुंडाळायची नव्हती. जे आहे ते, जसं आहे तसं, मध्ये एकही 'शक्यतो' न घालता टेबलावर ठेवायचं होतं. आणि शिवाय, त्या पोरीला तिच्या वाटचं श्रेयही द्यायचं होतं. खोलीत ती पोरगी एकटीच होती जी खरं बोलायला धजली होती. "आणि पहिल्यांदा कळत नाहीये. उन्नतीनं मला मंगळवारीच कळवलं होतं. तिला दिसलं, तिनं सांगितलं. मी वाचून सोडून दिलं, ती चूक माझी."

वाक्य पूर्ण झालं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात काहीच कमी नव्हतं.

उन्नतीनं लॅपटॉप मिटला. इतका हलकेच, की मिटल्याचा आवाजही आला नाही. कौस्तुभनं तिच्याकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं दुखावलेपण बघता बघता निवळलं. त्याला बोलावंसुद्धा लागलं नाही. बोलल्या मीरामॅडम, आणि त्यांच्या आवाजात कसलंही टोक नव्हतं.

"उन्नती, मूल्यमापन चालू असताना निकाल बाहेर गेला होता?"

"निकाल नाही मॅम. मी फक्त भाषा—"

"गेला होता का?"

"हो."

"ठीक आहे. विनी, तुमच्या मुद्द्यावर आपण नंतर सवडीनं बोलू, जमल्यास."

विनीला त्यांच्या 'जमल्यास'चा अर्थ कळला. ती एजंट नव्हती.

त्यानंतरचा तासभर तिला नीट आठवत नाही. इतकंच की ती बोलत होती, बऱ्याच लोकांशी, एकदा कौस्तुभच्या केबिनच्या दारात उभी राहून, आणि प्रत्येक जण तिला खाली बसायला सांगत होता. पोरीची चूक नाही, असं ती म्हणत होती, आणि लोक म्हणत होते, चूक कोण म्हणतंय, नियम आहे. कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. कौस्तुभ तर म्हणाला, "मला स्वतःला किती वाईट वाटतंय तुम्हाला काय सांगू," आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पाणी. जीभ टाळूला.

उन्नती जिन्यात भेटली. लिफ्टनं गेली नव्हती, बहुतेक लिफ्टमध्ये माणसं असतात म्हणून. तिचं लॉगिन बंद झालं होतं, गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतल्यानं ड्रेसवर फितीची चुरगळ तेवढी राहिली होती. पाठीवर सॅक, हातात डबा, डबा उघडलेला नव्हता.

"मी उद्या पुण्याला फोन करते," विनी म्हणाली. "मीरामॅडमना लेखी देते. तुला परत घ्यायला लावते मी, बघच तू. मी सांगते त्यांना, सरळ शब्दांत..."

"मॅम, नको," उन्नती म्हणाली. मग तिनं मान वर केली, आणि जी मुलगी आतापर्यंत प्रत्येक वाक्याला उशी लावत होती ती म्हणाली, "बोलू नका. माझ्याबद्दल कुठेच काही बोलू नका. गप्प बसा."

इतकी स्वच्छ सूचना विनीला आजवर कुणी दिली नव्हती. त्या सूचनेला मर्यादा होती, तिच्यात 'शक्यतो' नव्हतं, आणि ती पाळली गेली की नाही हे कुणालाही तपासता आलं असतं. विनी गप्प बसली. उन्नती फुलपाड्याकडे जायला रिक्षा शोधत गेटबाहेर गेली, आणि विनी पायरीवर उभी राहिली, सगळा राग अंगात जसाच्या तसा, एक थेंब कमी न होता, आणि तो ज्याच्या अंगावर टाकावा असं माणूस उरलं नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून एजंट नवं पत्र वाचून कामाला लागले आणि नापासला नापास म्हणू लागले. त्यांचं त्यात काही गेलं नाही, काही आलंही नाही. मीरामॅडमची प्रक्रिया निष्कलंक राहिली. प्रमुखपद कौस्तुभला मिळालं आणि त्यानं पहिल्याच बैठकीत विनीमॅडमच्या मोलाच्या योगदानाचा उल्लेख केला. विनी आपल्या खुर्चीवर आहे. तिच्या शेऱ्यात पुन्हा 'टोकदार' आलं, तेवढ्यावर भागलं. नाव कौस्तुभचं लागलं, तोंड विनीचं सुटलं, भरलं उन्नतीनं.